न झालेल्या अपघाताचा सत्कार

१९६०च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झालेल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर एका झोपेच्या औषधाची फाइल आली. युरोपात हे औषध तीन वर्षांपासून विकले जात होते, गरोदर स्त्रियांना मळमळीवरही दिले जात होते, आणि सिनसिनाटीच्या मेरेल कंपनीला ते अमेरिकेच्या बाजारात आणायचे होते. प्रकरण सोपे समजले गेले, म्हणूनच ते नवख्या अधिकाऱ्याकडे आले. तेव्हाच्या कायद्यानुसार साठ दिवसांत हरकत घेतली नाही, तर औषधाला आपोआप परवानगी मिळत असे. केल्सींनी माहिती अपुरी असल्याचे कळवून अर्ज परत पाठवला. तो पुन्हा आला, त्यांनी पुन्हा परत पाठवला. मधल्या काळात एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातले पत्र त्यांच्या वाचनात आले. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांच्या नसांना इजा होत असल्याचा संशय त्यात होता. मग केल्सींचे प्रश्न आणखी वाढले. कंपनीचे लोक फोन करत, भेटायला येत, वरिष्ठांकडे गाऱ्हाणी नेत. असे वर्षभराहून अधिक चालले. नोव्हेंबर १९६१मध्ये जर्मनीत ते औषध बाजारातून काढून घ्यावे लागले. औषधाचे नाव थॅलिडोमाइड. त्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे हातपाय खुंटलेल्या अवस्थेत जन्मली. अमेरिकेत हा आकडा सतराच्या आसपास राहिला, आणि तोही मुख्यतः कंपनीने चाचणीच्या नावाखाली डॉक्टरांना आधीच वाटून ठेवलेल्या गोळ्यांमुळे. ऑगस्ट १९६२मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी केल्सींना नागरी सेवेतला सर्वोच्च सन्मान दिला.

या सन्मानाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. केल्सींनी नेमके काय केले होते? त्यांनी सही केली नाही, एवढेच. त्यांच्या हातून पूल उभा राहिला नाही, शोध लागला नाही, संस्था निघाली नाही. युरोपात अनर्थ झाला नसता, किंवा तो उघडकीस यायला आणखी पाच वर्षे लागली असती, तर याच बाई कागदावर कागद मागणाऱ्या, उद्योगाला अडवून धरणाऱ्या सरकारी खात्याचा नमुना म्हणून ओळखल्या गेल्या असत्या. कंपनीचे लोक त्यांना तसेच म्हणतही होते. त्यांचा निर्णय १९६०मध्ये जितका योग्य होता तितकाच १९६२मध्ये होता. बदलली ती फक्त आपली दृष्टी, आणि तीही दुसऱ्या देशातल्या हजारो मुलांची किंमत मोजून. सचोटीच्या नेतृत्वाचा गौरव करताना येणारी मुख्य अडचण हीच आहे. असे नेतृत्व यशस्वी होते तेव्हा बहुतेक वेळा काहीच घडत नाही. बँक बुडत नाही, पूल कोसळत नाही, ठेवीदार रस्त्यावर येत नाहीत. न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढता येत नाही, आणि आपल्या सत्कार समित्यांना तर फोटोशिवाय चैन पडत नाही.

म्हणून आपण सोपा मार्ग धरतो आणि दिसते ते मोजतो. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशात घडले. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीला २००८ साली उत्कृष्ट कंपनी-कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ हा जागतिक पुरस्कार मिळाला. काही महिन्यांतच, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदात दाखवलेली पाच हजार चाळीस कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. पुरस्कार परत घेण्यात आला. निवड करणाऱ्यांना हसणे सोपे आहे, पण कागदावर पाहिले तर सत्यममध्ये कशाचीच उणीव नव्हती. हिशेब तपासणारी आंतरराष्ट्रीय कीर्तीची संस्था होती. संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, नामांकित व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाता होते. राजूंच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घेण्याचा प्रस्ताव डिसेंबर २००८मध्ये याच मंडळापुढे आला. काही शंका बोलून दाखवल्या गेल्या, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. तो हाणून पाडला तो भागधारकांनी, बाजारात शेअर विकून. बैठकीत बसलेल्या एवढ्या प्रतिष्ठित माणसांपैकी एकानेही विरोधी मत नोंदवले नाही. नावे, पदव्या, समित्या, नियमावल्या हे सारे सचोटीचे कपडे झाले. कपडे पाहून बक्षीस द्यायचे ठरवले की ते उत्तम शिवून घेणाऱ्यालाच मिळणार.

मग खरी खूण कुठे शोधायची? माझ्या मते ती त्या क्षणी शोधावी, जेव्हा ‘हो’ म्हणण्यात फायदा होता, ‘नाही’ म्हणण्यात तोटा होता, आणि पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. निकाल लागल्यावर ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ असे सांगणारे प्रत्येक संस्थेत डझनाने भेटतात. निकालाआधीचा कागद मात्र फार थोड्यांकडे असतो. फाइलवरचा शेरा, इतिवृत्तात नोंदवलेला विरोध, वरिष्ठांना वेळेत लिहिलेले पत्र हा खरा पुरावा, आणि तो शोधायचा तर निवड समितीला चहापानाच्या बैठकीऐवजी दप्तरखान्यात बसावे लागेल. दुसरी खूण त्या माणसाच्या हाताखालच्यांत सापडते. स्वतः लाच न खाणे ही व्यक्तिगत प्रामाणिकपणाची गोष्ट झाली. ती मोलाची आहे, पण तिला नेतृत्व म्हणता येत नाही. जिच्या खात्यातला कनिष्ठ कारकूनसुद्धा चुकीच्या बिलावर न घाबरता हरकत घेऊ शकतो, ती अधिकारी नेतृत्व करते. केल्सींच्या कथेतला हा भाग बहुधा सांगायचा राहून जातो. कंपनीची गाऱ्हाणी वरिष्ठांपर्यंत पोहोचत होती, आणि ते वरिष्ठ केल्सींच्या पाठीशी राहिले. त्यांच्यासोबत तीच फाइल तपासणारे औषधशास्त्रज्ञ जिरो ओयामा आणि रसायनशास्त्रज्ञ ली गाइस्मर यांनीही आपल्या शंका लेखी मांडल्या होत्या. केल्सी स्वतः त्यांना श्रेय देत राहिल्या. आपण मात्र एक चेहरा निवडला, कारण पदक एकाच गळ्यात घालता येते.

माणूस ओळखला, आता गौरव कसा करायचा? येथे १९८६ सालच्या जानेवारीतली एक रात्र पाहण्यासारखी आहे. चॅलेंजर अवकाशयान दुसऱ्या दिवशी सकाळी उडणार होते. त्याचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांचे म्हणणे होते की एवढ्या थंडीत जोडांमधल्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत. त्यांच्यापैकी रॉजर बॉइसजोली यांनी तर आदल्या वर्षीच लेखी इशारा दिला होता. नासाने नाराजी दाखवली, कंपनीच्या व्यवस्थापकांनी अभियंत्यांना बाजूला ठेवून निर्णय फिरवला. प्रक्षेपण केंद्रावर हजर असलेले कंपनीचे वरिष्ठ अधिकारी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी संमतीपत्रावर सही करायला नकार दिला. ती सही दुसऱ्याने केली. २८ जानेवारीला उड्डाणानंतर त्र्याहत्तर सेकंदांत यानाचे हवेतच तुकडे झाले आणि सात जण गेले. चौकशी आयोगापुढे या दोघांनी जे घडले ते सांगितले, आणि कंपनीने दोघांनाही बाजूला सारले. इथपर्यंत दोघांची कथा एकच आहे. पुढे बॉइसजोली सहकाऱ्यांच्या रोषाला कंटाळून कंपनी सोडून गेले. १९८८मध्ये अमेरिकेतल्या वैज्ञानिकांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने त्यांना वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारीसाठीचा पुरस्कार दिला, आणि उरलेले आयुष्य ते अभियांत्रिकीतल्या नीतीवर व्याख्याने देत राहिले. मॅकडोनाल्ड यांच्या बाबतीत अमेरिकी काँग्रेसने दटावले: ज्यांनी खरे सांगितले त्यांना शिक्षा देणार असाल, तर पुढची कंत्राटे विसरा. कंपनीला त्यांना परत घ्यावे लागले, बढती द्यावी लागली, आणि त्याच बूस्टरची फेररचना करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे लागले. सप्टेंबर १९८८मध्ये अवकाशयानांची उड्डाणे पुन्हा सुरू झाली ती त्यांच्या देखरेखीखाली सुधारलेल्या बूस्टरवर.

एकाला पदक मिळाले, दुसऱ्याला अधिकार. मला दुसरा सन्मान मोठा वाटतो. पदकाने समाज सांगतो की हा माणूस चांगला होता. अधिकार परत देताना तो सांगतो की याचे बरोबर होते, आता निर्णय यानेच घ्यावा. कारखान्यातल्या तरुण अभियंत्याला यातला कोणता संदेश ऐकू जातो, हे सांगायला नको. आपल्याकडेही ही समज जुनी आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना दोषी ठरवून पुण्याचे न्यायासन सोडून गेलेल्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण आज विशेषणासारखे वापरतो. पण त्यांचा खरा गौरव झाला तो बारभाईंच्या कारभारात त्यांना पुन्हा त्याच आसनावर बोलावले तेव्हा. १९५६ साली मुंबई केंद्रशासित करण्याच्या प्रश्नावर, आणि असा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता घेतला गेला म्हणून, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. त्याच नेहरू सरकारच्या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५९चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला हे सर्वांना आठवते. पण भर सभागृहात पंतप्रधानांवर टीका करणाऱ्या माणसाच्या हाती देशाच्या उच्च शिक्षणाची दोरी देणे, यातली राजकीय सभ्यता अधिक दुर्मीळ म्हटली पाहिजे.

आता याची उलट बाजू. सत्येंद्र दुबे हे कानपूर आयआयटीतून बाहेर पडलेले अभियंता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामावर होते. कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी २००२मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा गोळी घालून खून झाला. तपास यंत्रणेने हा लुटीचा प्रकार ठरवला आणि २०१०मध्ये तिघे दोषी ठरले. खुनाचा हेतू काय होता यावर मतभेद राहिले, पण गुप्ततेची विनंती पायदळी तुडवली गेली याबद्दल मतभेदाला जागा नाही. दुबे यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाले, लोकांचा क्षोभ उसळला, २००४मध्ये तक्रारदारांच्या संरक्षणाचा सरकारी ठराव निघाला. कायदा संसदेत मंजूर व्हायला २०१४ साल उजाडले, आणि तो लागू करणारी अधिसूचना त्यानंतरही वर्षानुवर्षे निघाली नाही. दरम्यान २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जाळून मारण्यात आले. राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, श्रद्धांजलीच्या सभा झाल्या. अशा सभांचे शब्द खरे असतात, डोळ्यांतले पाणीही खरे असते. तरीही मरणोत्तर गौरवात एक सोय दडलेली असते. हुतात्मा झालेला अधिकारी उद्या आपल्या बिलावर हरकत घ्यायला येणार नसतो.

यावर पहिला आक्षेप असा, की प्रामाणिकपणे काम करणे हे कर्तव्यच आहे, त्याचा पगार मिळतो, मग हारतुरे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. रोजच्या प्रामाणिकपणाचा सत्कार सुरू केला तर अप्रामाणिकपणा हीच रीत आहे असे आपण जाहीर केल्यासारखे होईल. हॉस्पिटलात बिल न फुगवणाऱ्या डॉक्टरला शाल दिली, की न फुगवणे हा चमत्कार ठरतो. पण मी बोलतो आहे ती पगारात न बसणारी गोष्ट. साठ दिवस गप्प बसल्या असत्या तरी केल्सींच्या पगारात खंड पडला नसता. मॅकडोनाल्डनी सही केली असती तर कंपनी खूशच झाली असती. कर्तव्य जिथे संपते आणि जोखीम जिथे सुरू होते, तिथल्या पावलाला पगाराच्या चिठ्ठीत रकाना नसतो. त्याची दखल घेणे हे बक्षीस म्हणून नव्हे, तर भरपाई म्हणून समाजाकडे लागते. त्या पावलाचा फायदा सर्वांना मिळतो आणि तोटा एकट्याला सोसावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: पुरस्कारानेच वृत्ती बिघडते. याला अभ्यासाचा आधारही आहे. अमेरिकेतल्या एका औद्योगिक धुलाई कंपनीच्या पाच केंद्रांपैकी एकात वेळेवर आणि न चुकता हजर राहणाऱ्यांसाठी बक्षीस सुरू झाले. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की उशीर होणार असे वाटले की काही कामगार सरळ आजारी असल्याचे कळवत, कारण उशिराने बक्षीस हुकत असे. आणि जे आधीपासून नियमित होते त्यांचा उत्साह मावळला. आजवर आपण मनापासून केले ते दुसरे बक्षिसासाठी करत आहेत, हे त्यांना बोचले असावे. केंद्राचे एकूण काम सव्वा टक्क्याहून अधिक घसरले. आपल्याकडे निर्मल ग्राम पुरस्काराने हेच दाखवले. त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता, शौचालये बांधली गेली, पथके पाहून गेली, फलक लागले आणि पुरस्कारप्राप्त गावांपैकी अनेकांत काही वर्षांनी लोक पुन्हा पहाटे लोटा घेऊन निघाले. या उदाहरणांतून पुरस्कार बंद करावेत असे मला वाटत नाही. निकष आधी जाहीर करून, गुण लावून, स्पर्धा भरवून सचोटी मोजायला गेलो की सचोटीचे नाटक वाढते, एवढे मात्र त्यांतून स्पष्ट दिसते. स्वच्छतेची स्पर्धा एक वेळ चालेल. धैर्याची स्पर्धा भरवता येत नाही, म्हणून अशा गौरवाला अर्ज मागवू नयेत, प्रवेशिका नसाव्यात, दरवर्षी कोणाला तरी दिलाच पाहिजे असा दंडकही नसावा. एखादे वर्ष रिकामे गेले तर जावे. तारीख ठरली, सभागृह घेतले, पाहुणे बोलावले, आता सत्पुरुष शोधा, ही आपली पद्धत उलट्या टोकाकडून सुरू होते.

समाजजीवनात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तिथे सचोटी बहुधा एकट्याची नसतेच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची ओळख पोपटराव पवारांच्या नावाने होते, २०२०ची पद्मश्रीही त्यांना जाहीर झाली. ती योग्यच होती. पण त्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचे आणि उसासारखे पाणी पिणारे पीक न लावण्याचे बंधन घालून घेतले, ते ग्रामसभेत. नियम पाळले गेले ते शेजारी शेजाऱ्याकडे पाहत असल्यामुळे आणि सरपंचालाही त्यातून सूट नसल्यामुळे. सरपंचाचे मोठेपण असे, की अवघड निर्णय सर्वांचा होईपर्यंत तो थांबला. अशा ठिकाणी एकट्याचा फेटा बांधला की बाकीच्यांच्या संयमावर पाणी पडते. ज्या शेतकऱ्याने शेजारच्या गावातला ऊस पाहूनही आपल्या वावरात ज्वारी पेरली, त्याला मानपत्र कोण लिहिणार?

शेवटचा आक्षेप माणसाच्या स्वभावाचा. आज ज्याला गौरवले तो उद्या घसरला तर? घसरेलही. म्हणून गौरव माणसाचा न करता कृतीचा करावा, असे मला वाटते. आपली मानपत्रे उघडून पाहावीत: ‘निष्कलंक’, ‘ऋषितुल्य’, ‘समाजाचे भूषण’. यातला एकही शब्द तपासून पाहता येत नाही, आणि उद्या चौकशी लागली तर प्रत्येक शब्द देणाऱ्याच्याच गळ्यात येतो. त्याऐवजी मानपत्रात तारीख असावी, विषय असावा, कोणता ठराव होता, कोणाचे दडपण होते, कोणत्या शब्दांत नकार दिला गेला आणि त्याची काय किंमत मोजावी लागली, हे असावे. अशी नोंद पुढच्या कोणत्याही अधःपतनाने खोटी ठरत नाही. नियम आणि जागा यांचाही विचार हवा. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सेवेतले सरकारी कर्मचारी पद्म पुरस्कारांना पात्रच नसतात. सरकारने स्वतःच्याच नोकरांना गौरवत बसू नये, हा त्यामागचा विचार रास्त आहे. पण त्याचा परिणाम असा, की ज्या खुर्चीत बसून नकार द्यावा लागतो ती सुटेपर्यंत देशाच्या मोठ्या नागरी सन्मानाचे दार बंद असते. म्हणजे त्या खुर्चीवर असताना जे करायचे ते व्यवसायातल्या सहकाऱ्यांनी, संघटनांनी आणि कायद्याने करायचे आहे. केल्सींच्या पदकानंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर १९६२मध्ये, अमेरिकेने औषधांचा कायदा बदलला. साठ दिवसांची आपोआप मंजुरी गेली, औषध परिणामकारक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर आली. पुढच्या अधिकाऱ्याला केल्सींइतके हट्टी असण्याची गरज उरली नाही. त्यांनी स्वतः २००५पर्यंत, वयाच्या नव्वदीपर्यंत, त्याच खात्यात काम केले.

आपल्या हातातली गोष्ट याहून कितीतरी लहान आहे. पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, शाळेची व्यवस्थापन समिती, वाचनालय, गणेश मंडळ या सर्वांचा वार्षिक अहवाल निघतो, आणि त्यात दर दोन ओळींनंतर ‘सर्वानुमते मंजूर’ असे छापलेले असते. वर्षभरात खरोखर कोणीच आडवे आले नसेल, यावर अहवाल लिहिणाऱ्या सचिवाचाही विश्वास नसतो. कोणी, कोणत्या ठरावाला, काय कारण देऊन विरोध केला याची नोंद त्याच अहवालात नावानिशी छापायची ठरवली, तर फार तर एक पान वाढेल. शिवाय विरोध करणाऱ्याचा अंदाज चुकला असेल, तर तेही पुढच्या वर्षी त्याच पानावर छापता येईल.